पोळ्यात उभी राहिलेली टू-सीटर

बुलढाणा जिल्ह्यातल्या मोताळ्याच्या बसस्टँडमागच्या गल्लीत सीट शिवणारे एक चाचा आहेत. जीपच्या, ट्रॅक्टरच्या, मोटारसायकलच्या सीटा शिवतात, आणि श्रावण लागला की बैलांच्या झुली. खरं तर सगळ्यात आधी त्यांचं नाव लिहायचं होतं, पण त्यांनीच बजावलं, "नाव-बिव काई टाकू नको बेटा, लोकं उगाच इचारतीन." म्हणून नुसतं चाचा म्हणतो. ते नसते तर आमच्या घरचा गणपती यंदा चुलत्यांच्या ओटीवर गेला असता, आणि मी इथे दुसऱ्यांचा गणपती गाडीत बसवून मिरवत असतो.

मी देवगडच्या बाजूचा. वडील गेले तेव्हा आठवीत होतो, ती आठवी तशीच राहिली. पुण्याला मामांच्या ओळखीने एका गॅरेजात लागलो. जुन्या विलायती गाड्या पार खोलून पुन्हा नव्यासारख्या करायचं काम तिथे चालतं. सुरुवातीला मी नुसता गंज घासायचो. मग पत्रा, मग इंजिन.

एकदा मलकापूरहून ट्रकवर बांधून एक गाडी आली. दोनच माणसांची, वर कापडी हूड, लांबट नाक. जिनिंग फॅक्टरीवाल्या घराण्याची. त्यांच्या आजोबांनी तरुणपणी मुंबईत, देश सोडून चाललेल्या एका साहेबाकडून ती घेतली होती. काही वर्षं हौसेने चालवली, मग सुटे भाग मिळेनासे झाले तशी ती जिनिंगच्या शेडमध्ये रुईच्या गाठींमागे ढकलली गेली. आम्ही दारं खोलली तर आतल्या पोकळीतून मुठी मुठी सरकी निघाली. आजोबा गेल्यावर नातवाला तिची आठवण झाली होती.

गाडी पूर्ण व्हायला बराच काळ गेला. बाटलीच्या काचेसारखा गडद हिरवा रंग मीच मारला. ती पोचवायची वेळ आली तेव्हा गॅरेजचे मालक म्हणाले, "तू सोबत जा. चार दिवस राहा, त्यांना चालवायला शिकव आणि ये." मी एक बॅग घेऊन निघालो. ते चार दिवस अजून संपले नाहीत.

या गाडीचं एक आहे. सीटच्या मागे पेट्रोलचा छोटा पंप असतो. चावी फिरवली की त्याची टिकटिक ऐकू आली पाहिजे. नाही आली तर पान्याच्या दांड्याने त्याला एक टिचकी द्यायची. जोरात दिली तर पंप जातो, हळू दिली तर उठत नाही. पहिला गिअर गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पडत नाही, दुसऱ्याला क्लच दोनदा दाबावा लागतो. यात अवघड काही नाही, थोडं थांबून ऐकायचं असतं. पण गाडीच्या मालकाला थांबायला सवड नसते. नातवाने दोनदा प्रयत्न केला, दोनदा गाडी बंद पडली, आणि तो म्हणाला, "जाऊ दे, तूच राहा काही दिवस."

मग तो परदेशी गेला आणि गाडी विकली.

घेणारे वडनेर भोलजीच्या अलीकडे हायवेवर हॉटेल चालवणारे. सौद्याच्या वेळी मी पुसायचं फडकं घेऊन बाजूला उभा होतो. ते गाडीभोवती एक फेरी मारून माझ्याकडे बोट करून म्हणाले, "नुसती गाडी घेऊन काय करू? हे पोरगंबी पाह्यजे." नातू हसला आणि म्हणाला, "घ्या ना, चांगला आहे." मी पण हसलो. नाही म्हणायचं मला सुचलंच नाही. पुण्याला फोन केला तर मालक म्हणाले, "जिथे पोट भरतंय तिथे राहा, इथे सध्या काम कमी आहे." बॅग उचलून मी गाडीच्या दुसऱ्या सीटवर ठेवली, आणि गाडी आणि मी नवीन मालकाकडे गेलो.

त्या मालकांनी हॉटेलसमोर काचेची खोली बांधली. चारी बाजूंनी काच, वर पत्रा, मध्ये गाडी. जाणारे-येणारे थांबत, फोटो काढत, मग चहा-कचोरी घेत. मला आत स्टूल दिलं होतं. गाडीवर धूळ दिसली की पुसायची आणि कोणी म्हटलं तर चालू करून आवाज ऐकवायचा. उन्हाळ्यात त्या खोलीत श्वास घ्यायला हवा नसायची. लहान पोरं काचेला नाक लावून आधी गाडीकडे बघत आणि मग माझ्याकडे. दाराला कुलूप नव्हतं, हे मला आज लिहिताना जास्त लागतं. मी कधीही उठून जाऊ शकलो असतो. पण मालक दोन्ही वेळा स्वतःच्या घरून डबा पाठवायचे, आजारी पडलो तेव्हा मोटारसायकलवर बसवून दवाखान्यात नेलं होतं. अशा माणसाला कुठल्या तोंडाने सांगायचं, की मी चाललो?

त्या उष्णतेने सीटचं कातडं तडकलं आणि ते शिवायला मोताळ्याहून चाचा आले. आल्या आल्या त्यांनी दार उघडं टाकलं, खाली बसून सुईत दोरा ओवला आणि बाहेर फोटो काढणाऱ्यांकडे बघत म्हणाले, "बेटा, आपन दोघंबी अजायबघरात येऊन बसलो."

खूप दिवसांनी मी मोठ्याने हसलो.

काम चालू असताना त्यांनी माझ्याकडून सगळं काढून घेतलं. घर कुठे, आई एकटी का, शेवटचा कधी गेला होता. मी गणपतीचं सांगितलं. आमच्याकडे प्रत्येक घराचा लाकडी पाट असतो. महिना-दोन महिने आधी तो मूर्तिकाराकडे द्यायचा, त्याच पाटावर तो मूर्ती करतो. चतुर्थीला घरच्या माणसाने जाऊन तो पाट डोक्यावर घेऊन यायचं. वडील गेल्यापासून पाट माझ्या डोक्यावर. मलकापूरला आलो आणि त्या वर्षीचा गणपती चुकला, हॉटेलात दुसराही चुकला. दोन्ही वर्षं चुलत्यांनी पाट आणून आमच्या घरात ठेवला होता.

"मंग जात काऊन नाही?"

"सोडत नाहीत."

चाचांनी दोरा दाताने तोडला. "धरलं तं कोनी दिसत नाही इथी तुले."

मी गाडी पुसायला घेतली. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही. पण पुढे काही दिवसांनी मोताळ्याचे एक सेठ गाडी बघायला आले, ते चाचांनीच पाठवलेले. सेठचं बियाणं-खताचं दुकान आणि कापसाची खरेदी. चाचा मला नंतर म्हणाले, "त्या काचातून तं काढू पह्यले, पुढचं पुढी पाहू." सौदा झाला आणि सेठही तेच बोलले, "कोकण्याले संगं धाडा." तेव्हापासून माझं नाव कोकण्या.

सेठ माणूस दिलदार. दुकानामागच्या शेडमध्ये गाडी, शेडला लागून मला खोली, जेवण घरात सगळ्यांबरोबर. त्यांच्या बायकोला मी काकू म्हणतो. त्या भाकरी वाढताना म्हणायच्या, "तू तं आता घरचाच झाला रे." हे ऐकलं की माझं जाण्याचं बोलणं मागे राहायचं. प्रेमाने म्हणायच्या, म्हणूनच राहायचं. खाटेखाली माझी बॅग अर्धी भरलेली असायची. मी ती कधी पूर्ण भरली नाही आणि कधी पूर्ण रिकामीही केली नाही.

सेठने एकदा स्वतः गाडी चालवून बघितली. ती उसळून सोयाबीनच्या पोत्यांत शिरली. तेव्हापासून स्टीअरिंगला माझ्याशिवाय कोणी हात लावत नव्हतं.

यंदा श्रावणात आईचा फोन आला. आधी इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "यंदा तरी येतलंस मा? काको म्हणता, झील येणा नाय तर पाट आमीच व्हरतलंव." मुलगा येणार नसेल तर पाट आम्ही घेऊन जाऊ, असं चुलते म्हणत होते. यावेळी आमच्या घरी आणून ठेवायला नाही, त्यांच्या घरी, कायमचा. एकदा पाट गेला की गणपती त्यांचा, आरती त्यांच्याकडे, आणि आमच्या घराला आई असेपर्यंत कुलूप नसेल एवढंच. परत जायला घर म्हणून काही उरणार नव्हतं.

मी सेठकडे सुट्टी मागितली. ते हिशेबात होते. मान वर न करता म्हणाले, "गनपती तं इथंबी बसते ना बे. घरात बसव. आरती तुह्या हातानं करू." मग चष्मा काढून, एकदम खुशीत, "अन् तुले सांगाचंच राह्यलं. यावर्षी मंडळाचा गनपती आपल्या गाडीतून आनाचा. तू चालवजो."

मी "हो" म्हणालो. बाहेर येऊन गाडीचं बॉनेट पुसत बसलो, ते स्वच्छ असतानाही.

दरम्यान सेठच्या डोक्यात पोळा आला. मोताळ्याजवळच्या त्यांच्या गावात त्यांच्या घराण्याच्या बैलांना तोरणाखाली पुढची जागा असायची. शेती ट्रॅक्टरवर गेली, बैल गेले, पण ती जागा सोडायला सेठ तयार नव्हते. गावातले लोक दरवर्षी छेडायचे, "सेठ, औंदा काय उभं करता, ट्रॅक्टर का फटफटी?" यंदा सेठ म्हणाले, "गाडी उभी करतो." गंमत म्हणून बोलले असतील, पण चार लोकांत बोलले. मग चाचांना गाडीच्या मापाची झूल शिवायचं काम मिळालं. लाल कापड, कडेला आरसे, खाली गोंडे.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-लोण्याने शेकतात. गाडी आधीच गावातल्या घरी नेली होती; काकू आणि शेजारच्या बायका वाटी घेऊन गाडीपाशी आल्या आणि अडल्या.

"खांदा कोनता हो हिचा?"

"अवो, ते पुढचं फुगलेलं, थेच असन."

पुढच्या दोन्ही मडगार्डांवर लोणी-हळद लागली. मग काकूंनी हात जोडून, बैलांना म्हणतात तसं अगदी मनापासून म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." शेजारचे म्हातारे शेतकरी, ज्यांची बैलजोडी आता गावात पहिली, तेही तिथे होते. सगळे हसले. मी हसलो नाही. हळदीने रंग पिवळा पडतो.

दुसऱ्या दिवशी कोणी तरी गेरू कालवून बॉनेटवर हातांचे छाप उठवले. मी धावलो, पण सेठ म्हणाले, "राहू दे, शोभते." मला नवीन शर्ट-पँट दिली. गाडीच्या जाळीला पुरणपोळी टेकवली, बॉनेटवर बाशिंग बांधलं, आणि मी ती बैलांच्या रांगेत नेली. पुढे बैल, मागे बैल, डावीकडे शिंगं, उजवीकडे शिंगं. वाजंत्र्यांनी बैल बिचकत होते. इंजिन तापून काटा वर चढत होता आणि इंच इंच पुढे जायचं होतं. पाय क्लचवरून काढता येत नव्हता. चतुर्थी चार दिवसांवर. उद्या निघालो नाही तर सणाच्या गर्दीत वेळेवर पोचणार नाही, हेच डोक्यात. आणि मी बैलांमध्ये अडकून बसलेला, अंगावर नवा शर्ट.

पोळ्यात झडत्या म्हणतात, एकमेकांची थट्टा करणारी गाणी. एकाने खास गाडीसाठी जुळवून आणली होती:

"चार चाकाचा बैल पाहा, गोठ्यात पेट्रोल पेते,
नांगर पाहून पळून जाते, फोटोले उभा राह्यते."

हर हर महादेव झालं. सगळ्यात मोठ्याने सेठ हसले.

तोरण तुटलं, बैल पांगले. सेठ येऊन माझ्या शेजारच्या सीटवर बसले. "चाल रे कोकण्या. अशीच मोताळ्याले घे, मार्केटातून एक चक्कर मारू. उद्या मंडळाच्या पोरांसंगं चतुर्थीची तयारी पाहून घेऊ."

चाचा मागची झूल सोडत होते. ते काम थांबवून पुढे आले.

"सेठ, काऊन जुंपून राह्यले त्याले?"

"कोनाले?"

"बैलाले. आज पोळा हाये."

आजूबाजूचे लोक वळले. सेठही हसत होते. "चाचा, गाडी हाये हे."

"काल आवतन देलं तेव्हा गाडी नोयती. आज पोळी चारली तेव्हाबी नोयती. आताच गाडी झाली काय?"

ते शेजारचे म्हातारे आपल्या बैलाची वेसण धरून उभे होते. म्हणाले, "चाचा बरोबर बोलून राह्यले बापा. आमी सारे होतो काल. पोळ्याच्या दिवशी जुंपलेला बैल या गावात कोनी पाह्यला नाही."

"बरं भाऊ, नाही जुंपत," सेठ उतरले. "उभी राहू द्या आज इथंच."

"अन् बैलाच्या गड्याचं?" चाचा म्हणाले.

"कपडे देले ना त्याले."

"कपडे देले. घरी धाडलं काय? तुमच्या वडलांच्या टायमाले पोळा झाला का गडी चार दिवस पोराबाळात जाये. त्याचं घर पाच कोसावर राहे. याचं समुद्रापाशी हाये, येवढाच फरक."

मी स्टीअरिंग धरून बसलो होतो. माझ्याविषयी बोलणं चाललं होतं आणि मी इंजिनाच्या काट्याकडे बघत होतो. चाचांनी माझ्याकडे बघितलं. "बोल ना बे. का तेबी मीच बोलू?"

मी म्हणालो, "सेठ, मला गणपतीला घरी जायचंय. नाही गेलो तर आमचा पाट जातो." हे मी पहिल्यांदाच असं सरळ बोललो.

सेठचा चेहरा उतरला. "मंग मंडळाचा गनपती कोन आनन?"

"त्याले इंजिन कायले पाह्यजे?" चाचा म्हणाले. "दोर लावा. पोरं ओढतीन."

मंडळाची पोरं तिथेच होती. त्यांना ते भलतंच आवडलं. "हाव सेठ, रथावानी दिसन."

सेठ चाचांच्या जवळ गेले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "अन् हा गेला, अन् आलाच नाही तं?"

मला तेव्हा कळलं की तेही अडकलेले आहेत. एवढी महागाची गाडी घेतली आणि ती चालू करणारा माणूस एकच, तोही दूरच्या मुलखाचा.

"नाही आला तं मी बसतो त्याच्या जागी. गाडीपाशी."

"तुमाले चालू करता येते काय?"

"नाही येत. बसून राहीन."

लोक हसले. चाचा हसले नाहीत. शेवटी सेठ मला म्हणाले, "जा बे. पन येजो."

त्या रात्री बॅग पूर्ण भरली. मलकापूरहून मुंबईची गाडी धरली, उभ्याने गेलो, मुंबईत एसटी मिळायलाच दीड दिवस गेला, तीही उभ्यानेच. चतुर्थीला सकाळी घरी पोचलो तेव्हा चुलते अंगणात टोपी घालून निघायच्या तयारीत होते. मला बघून त्यांनी टोपी काढली आणि माझ्या डोक्यावर ठेवली. माणूस वाईट नव्हताच. गणपती कोणीतरी आणायला हवा, एवढंच त्यांचं म्हणणं. पाट डोक्यावर आला आणि मानेला ओळखीचं वजन लागलं. आईने पायावर पाणी घातलं.

गौरीबरोबर गणपती गेले. आई म्हणाली, "आता रव हयच." इथेच राहा. नाक्यावरच्या गॅरेजवाल्यानेही विचारलं. मनात आलं, राहावं. कोण येणार होतं शोधायला? पण रात्री डोळे मिटले की चाचा दिसायचे, शेडमध्ये, गाडीशेजारी, स्टुलावर बसलेले. आईला सांगितलं, एक माणूस माझ्या जागी बसलाय. तिने एवढंच विचारलं, "जेवलो-बिवलो आसात?" तो माणूस जेवला असेल का, म्हणून. मग त्याच्यासाठी गुळाचं खाजं बांधून दिलं.

मोताळ्याला आलो तर चाचा खरंच बसले होते. शिवणयंत्र त्यांनी शेडमध्ये आणलं होतं, गाडीला टेकून, आणि ट्रॅक्टरची सीट शिवत होते. गल्लीतलं दुकान बंद होतं. मला बघून म्हणाले, "आला? बरं झालं. या पत्र्याखाली लय गर्मी होते बापा. तू कसा राह्यला?"

मी शिवणयंत्र उचललं आणि त्यांच्या दुकानात नेऊन ठेवलं.

गेरूचे छाप आता धुतलेत. एक बॉनेटच्या कडेला फिका राहिला आहे, तो जात नाही. दारांच्या पोकळीत अजूनही कुठे तरी सरकी वाजते. सेठ पुन्हा सौद्याच्या गोष्टी करतात. उंद्रीकडचे कोणी बघून गेले, आणि त्यांनीही विचारलं, "पोरगं संगं येईन ना?" यावेळी सेठने उत्तर द्यायच्या आधी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "नाही. पण चालवायला शिकवून देईन, ज्याला ऐकायची सवड असेल त्याला." सेठच्या ट्रॅक्टरवाल्याला आहे. तो रोज संध्याकाळी येतो, चावी फिरवतो, कान लावून बसतो. टिचकी अजून जोरात मारतो. बॅग खाटेखालीच आहे. अजून मी इथेच आहे, पुढचं काही ठरलेलं नाही.

एक मात्र नक्की आहे. या गाडीच्या दोन्ही सीटा चाचांनी शिवल्या, आणि चालत्या गाडीत ते त्यांवर एकदाही बसलेले नाहीत. माझी जागा राखायलाही स्टुलावरच बसले. गाडी तेव्हा कोणाच्या मालकीची असेल माहीत नाही. जो असेल त्याच्या हातापाया पडून एक दिवस मी मागून घेईन. हूड काढीन, चाचांना दुकानातून उठवून शेजारी बसवीन आणि राजूरच्या घाटातून वर बुलढाण्यापर्यंत नेईन, सावकाश, दुसऱ्या गिअरवर. तेवढं त्यांचं देणं माझ्यावर आहे, ते फेडल्याशिवाय मी हा मुलूख सोडणार नाही.